नर्सिंगच्या शेवटच्या सत्रात काय शिकवले जावे?

प्रति,
माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

नर्सिंगच्या अंतिम वर्षाविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते, ते बहुधा दोनच गोष्टींभोवती फिरते : निकाल किती टक्के लागला आणि नोकऱ्या किती उपलब्ध आहेत. मी स्वतः या वर्षाच्या अखेरीस पोहोचले आहे आणि या दोन्ही गोष्टींची काळजी मलाही आहे; तरीही या दोहोंच्या मध्ये एक प्रश्न राहून जातो आणि त्याची चर्चा ना महाविद्यालयांत होते ना वृत्तपत्रांत, म्हणून हे पत्र. विद्यार्थिनी म्हणून केलेली शेवटची ड्यूटी आणि परवानाधारक नर्स म्हणून करायची पहिली ड्यूटी यांच्या दरम्यान हाताचे कौशल्य फारसे बदलत नाही, मात्र निर्णय कोणाचा, हे एका दिवसात बदलते. या बदलाची तयारी शेवटच्या सत्रात करून घेतली गेली पाहिजे आणि आज ती पुरेशी करून घेतली जात नाही, एवढेच माझे म्हणणे आहे. (नर्सिंगला आता मुलगेही येतात, पुढे सर्वत्र मी ‘विद्यार्थिनी’ लिहिले आहे, त्यात तेही आले.)

वॉर्डात विद्यार्थिनीजवळ एक वाक्य कायम तयार असते : ‘मी स्टुडंट आहे, सिस्टरांना विचारून सांगते.’ हे वाक्य योग्यच आहे, कारण त्याने रुग्णाचेही रक्षण होते आणि तिचेही. तिने मोजलेला रक्तदाब, तिने भरलेला इंटेक-आउटपुटचा (शरीरात गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या द्रवाचा) तक्ता, तिने तयार केलेले इंजेक्शन, या सगळ्यावर दुसऱ्या कोणाची तरी नजर असते आणि तिच्या सहीखाली दुसरी सही असते. रक्तदाब ९०/५० इतका कमी आला, तर तो सिस्टरांना कळवला की तिचे काम संपते. परवाना हाती आल्यानंतर मात्र तिथूनच तिचे काम सुरू होते. आकडा खरा आहे की दंडाला बांधायचा पट्टा (कफ) चुकीच्या मापाचा आहे, रुग्णाचा नेहमीचा रक्तदाब किती असतो, लघवी कमी झाली आहे का, रक्तदाबाची पुढची गोळी थांबवायची का, डॉक्टरांना आता कळवायचे की पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजून कळवायचे, हे सगळे तिने ठरवायचे असते आणि त्या वेळी शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाची सलाइनची बाटलीही संपत आलेली असते.

परवाना हा प्रकार मुळात का निर्माण झाला, हे आठवले तर त्याचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची प्रशिक्षण शाळा १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली, तरी त्यानंतरही कित्येक दशके कोणीही स्वतःला नर्स म्हणवून घेऊ शकत असे. एथेल बेडफर्ड फेन्विक या ब्रिटिश नर्सने १८८७ साली ब्रिटिश नर्सेस असोसिएशन स्थापन करून नर्सेसच्या सरकारी नोंदणीची मागणी लावून धरली, तेव्हा त्या मागणीला खुद्द नाइटिंगेल यांचाच विरोध होता. नर्सचा स्वभाव आणि तिची नीतिमत्ता परीक्षेतून मोजता येत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. निर्णय अखेर फेन्विक यांच्या बाजूने लागला. पण त्याआधीच न्यूझीलंडने १९०१ साली नर्सेसच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला आणि १९०२ च्या जानेवारीत एलेन डॉगर्टी या पहिल्या नोंदणीकृत नर्स ठरल्या. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना राज्याने १९०३ मध्ये पहिले पाऊल टाकले. ब्रिटनचा कायदा १९१९ चा, आणि तिथल्या नोंदवहीत पहिला क्रमांक फेन्विक यांचाच आहे. सुरुवातीचे बरेचसे कायदे केवळ ‘नोंदणीकृत नर्स’ या उपाधीचे रक्षण करणारे होते; परवान्याशिवाय हे काम करताच येणार नाही, असे म्हणणारा कायदा न्यूयॉर्क राज्याने केला तो १९३८ साली.

मला या इतिहासात नाइटिंगेल यांचा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या हरल्या हे चांगलेच झाले, अन्यथा रुग्णाला कोणत्याही संरक्षणाशिवाय राहावे लागले असते; परंतु परीक्षा काय मोजू शकत नाही, हा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न मिटलेला नाही. परवाना एवढेच सांगतो, की ही व्यक्ती कामाला लागली तर रुग्णाला धोका होऊ नये इतके किमान ज्ञान आणि विवेक तिच्याजवळ आहे. ती कुशल आहे, अनुभवी आहे, एकटीने पूर्ण वॉर्ड सांभाळू शकते, असे तो म्हणत नाही. दुर्दैवाने विद्यार्थिनी, पालक, महाविद्यालये आणि रुग्णालये हे सर्वच त्याचा असा विस्तारित अर्थ घेतात.

परवाना मिळण्याची रीत देशोदेशी वेगळी आहे. भारतात विद्यापीठाची किंवा मंडळाची अंतिम परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचर्या परिषदेकडे नोंदणी होते. निराळी परवाना परीक्षा नसते. अमेरिकेत मात्र पदवी मिळाल्यानंतर एनक्लेक्स ही स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते आणि ती उत्तीर्ण झाल्याशिवाय पदवीधारकालाही नर्सचा परवाना मिळत नाही. जगभरातील असंख्य विद्यार्थिनी आज या परीक्षेची तयारी करीत असल्यामुळे, आणि ती परीक्षा नेमके काय शोधते हे समजणे जी ती देणार नाही तिलाही उपयोगाचे असल्यामुळे, तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिते.

एनक्लेक्स १९९४ पासून संगणकावर घेतली जाते आणि प्रत्येक उत्तरानुसार तिचा पुढचा प्रश्न ठरतो : उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न कठीण, चुकले तर सोपा. नोंदणीकृत नर्सच्या परीक्षेत कमीत कमी ८५ आणि जास्तीत जास्त १५० प्रश्न येतात, पाच तासांची मर्यादा असते आणि या प्रश्नांपैकी १५ प्रश्न केवळ चाचणीसाठी असल्यामुळे गुणांत धरले जात नाहीत. मात्र ते कोणते, हे देणाऱ्याला कळत नाही. परीक्षार्थीची पातळी उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याविषयी ९५ टक्के खात्री झाली की संगणक थांबतो. टक्केवारी नाही, क्रमांक नाही, उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण एवढेच. यामुळे विद्यार्थिनींमध्ये जी लोकसमजुतींची एक शाखाच उगवली आहे, तिचे मला हसूही येते आणि दयाही : पंच्याऐंशीव्या प्रश्नावर संगणक बंद झाला म्हणजे सुटलीस, शेवटचा प्रश्न सोपा होता म्हणजे गेलीस, औषधांचे प्रश्न फार आले म्हणजे शुभ लक्षण. वास्तविक पंच्याऐंशीव्या प्रश्नावर उत्तीर्णही होता येते आणि अनुत्तीर्णही. संगणकाची खात्री दोन्ही बाजूंनी होऊ शकते.

२०२३ च्या एप्रिलपासून या परीक्षेचे स्वरूप बदलले आणि तो बदल माझ्या मुद्द्याशी थेट निगडित आहे. आता तिच्यात एकाच रुग्णाची कथा हळूहळू उलगडत जाते आणि त्याच्याविषयी सलग सहा प्रश्न विचारले जातात : कोणती खूण दखल घेण्याजोगी आहे, त्या खुणांचा एकत्रित अर्थ काय, शक्यतांपैकी कोणती सर्वांत तातडीची, त्यावर काय काय करता येईल, आधी काय कराल, आणि केल्यानंतर रुग्ण सुधारला हे कशावरून ओळखाल. एखाद्या चांगल्या सिस्टर इन्चार्जच्या डोक्यात राउंडच्या वेळी जे चालते, त्याचीच ही फोड आहे. इथे पाठांतर लागत नाही असे नव्हे. पाठांतर गृहीत धरले जाते आणि परीक्षा त्याच्या पुढे सुरू होते.

उदाहरण देते. चार रुग्ण आहेत आणि आधी कोणाकडे जायचे ते ठरवायचे आहे. पहिल्याला शस्त्रक्रियेनंतर दुखते आहे आणि तो वेदनाशामक मागतो आहे. दुसऱ्याला फुप्फुसांचा जुना आजार असून त्याचे ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्के आहे. तिसऱ्या रुग्णाला आज घरी सोडायचे आहे आणि नातेवाईक कागदांसाठी घाई करीत आहेत. चौथ्या रुग्णाची सकाळी शस्त्रक्रिया झाली, तो आता उगाचच अस्वस्थ आहे, सारखा उठून बसतो, नाडी ११८ आहे आणि रक्तदाब ठीक आहे. पुस्तकात ऑक्सिजनचा सामान्य आकडा ९५ च्या वर असे वाचलेली विद्यार्थिनी दुसऱ्या रुग्णाकडे धावते. त्या आजारात मात्र ८८ ते ९२ हेच उद्दिष्ट असते. धोका चौथ्या रुग्णाला आहे, कारण आतल्या आत रक्तस्राव होत असताना रक्तदाब सर्वांत शेवटी घसरतो. आधी वाढते ती नाडी आणि बदलते ती माणसाची मनःस्थिती. दम्याच्या रुग्णाचेही असेच आहे. त्याच्या छातीतला घरघर आवाज औषधाविना अचानक थांबला आणि तो दमून गप्प झाला, तर आराम पडला असे समजणारी नर्स त्याला गमावू शकते, कारण हवाच आत-बाहेर होत नसेल तर आवाज यायचा कुठून?

ही सर्व माहिती अभ्यासक्रमात असते. ती सुटी सुटी असते, हा प्रश्न आहे. आमचा प्रत्येक आजार व्याख्या, कारणे, लक्षणे, तपासण्या, उपचार आणि परिचर्या अशा ठरलेल्या क्रमाने येतो, आणि सुरुवातीच्या वर्षांत तसाच यायला हवा. पाया त्याशिवाय घालता येत नाही. क्लिनिकल पोस्टिंगमध्येही, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामातही, एका विद्यार्थिनीला एक रुग्ण दिला जातो आणि त्याच रुग्णावर ती केअर प्लॅन, म्हणजे परिचर्येचा आराखडा, लिहिते. हे लेखन उपयोगी असते, पण त्यात एक गोष्ट कधीच शिकता येत नाही : एकाच वेळी चार जण बोलावत असताना तिघांना थांबवायचे कसे, आणि थांबवलेल्या तिघांपैकी कोणाकडे पाच मिनिटांनी परत जायलाच हवे, हे लक्षात ठेवायचे कसे. पहिल्या वर्षी एक रुग्ण आणि शेवटच्या वर्षीही एकच रुग्ण, मग नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात दहा किंवा त्याहून अधिक, ही उडी विद्यार्थिनीने कशी मारावी अशी अपेक्षा आहे?

याहून मोठी उणीव मला फोनची वाटते. संपूर्ण अभ्यासक्रमात विद्यार्थिनी डॉक्टरांना फोन करीत नाही. तो सिस्टरांनी करायचा असतो आणि ते योग्यही आहे. त्यामुळे रात्री झोपलेल्या डॉक्टरांना उठवून, थोडक्यात आणि न घाबरता, रुग्णाची स्थिती सांगणे व आपल्याला काय हवे ते मागणे, हे नर्सच्या कामातील अत्यंत निर्णायक कौशल्य तिला पहिल्यांदा वापरावे लागते ते परवाना मिळाल्यानंतर, बहुधा रात्रपाळीत, एकटीने. ‘डॉक्टर, बेड सातचा पेशंट बरा वाटत नाहीये’ हे वाक्य खरे असते, पण त्यावर कोणताही डॉक्टर निर्णय घेऊ शकत नाही. सद्यःस्थिती काय, आधीची पार्श्वभूमी काय, माझ्या मते काय घडते आहे आणि मला तुमच्याकडून काय हवे आहे, अशा चार पायऱ्यांत सांगण्याची एसबार नावाची पद्धत आता बहुतेक ठिकाणी पाठ्यपुस्तकात आहे. तिचा उगम अमेरिकी नौदलातल्या पाणबुड्यांवरील संदेशपद्धतीत आहे, असे आम्हाला शिकवले जाते आणि परीक्षेत विचारलेही जाते. एसबारचे पूर्ण रूप आमच्यापैकी प्रत्येकीला सांगता येईल. त्यातली तिसरी आणि चौथी पायरी, म्हणजे स्वतःचे मत आणि स्वतःची मागणी, प्रत्यक्ष आवाजात उच्चारायची वेळ आली की मात्र घसा कोरडा पडतो, कारण इतकी वर्षे मत मांडू नये, नोंद करावी, हेच आमच्या अंगवळणी पडलेले असते. समोरून ‘मग मी काय करू?’ असा तिरसट प्रश्न आला, तर काय बोलायचे? डॉक्टरांनी ‘सकाळी बघू’ म्हटले आणि आपल्याला ते पटले नाही, तर यापुढे कोणाला फोन करायचा, आणि त्याची नोंद कोणत्या शब्दांत करायची? वरिष्ठांकडे विषय नेणे हा उद्धटपणा नसून परवान्याने घातलेले बंधन आहे, हे कोणीतरी शांत खोलीत, रुग्ण धोक्यात नसताना, दहा वेळा बोलायला लावून शिकवले पाहिजे.

कामे सोपवण्याविषयीही हेच म्हणता येईल. सहायकाकडून स्पंजिंग करून घेता येते, स्थिर रुग्णाचे तापमान घेता येते. परंतु नव्याने भरती झालेल्या रुग्णाची पहिली पाहणी, त्याला औषधांविषयी शिकवणे आणि उपचाराचा परिणाम झाला की नाही हे ठरवणे, ही कामे नर्सला सहायकाकडे सोपवता येत नाहीत. वयाने आणि अनुभवाने मोठ्या असलेल्या मावशींना काम सांगणे एकविशीतल्या मुलीला किती जड जाते, हे तिलाच ठाऊक. बहुतेक जणी शेवटी ते काम स्वतःच करतात आणि मूळ काम मागे पडते.

औषधांच्या हिशेबाबाबत मी फार लिहीत नाही, कारण तो आम्हाला चांगला शिकवला जातो. ५०० मिलिलिटरमध्ये २५,००० युनिट हिपॅरिन (रक्त गोठू न देणारे औषध) असेल आणि तासाला १,२०० युनिट द्यायचे असतील तर पंप २४ मिलिलिटरवर लावायचा, हे आम्ही झोपेतही सांगू. प्रश्न हा आहे, की उत्तर २४ ऐवजी २४० आले तर ‘हे शक्यच नाही’ असे हात थांबवून म्हणता येते का. दशांश चिन्ह एका घराने सरकल्याने होणाऱ्या दसपट चुका जगभर औषधांच्या गंभीर अपघातांत मोडतात आणि त्या गणित न येणाऱ्यांकडूनच होतात असे नाही. घाईत, हाक आल्यामुळे अर्धवट सोडलेल्या ट्रेपाशी परत येणाऱ्यांकडून होतात. वर्गातल्या शांततेत सोडवलेल्या गणिताने ही सवय लागत नाही.

आता या सगळ्याऐवजी शेवटच्या सत्रात काय होते, ते सांगते. अपुरी लॉगबुके (केलेल्या कामांच्या नोंदवह्या) पूर्ण केली जातात, राहिलेल्या सह्या मिळवण्यासाठी पोस्टिंगच्या जागी पुन्हा पुन्हा जावे लागते, पूर्वपरीक्षा होतात आणि त्यांच्या गुणांवर पुढचे ठरते. ज्या देशांत महाविद्यालयाची मान्यता पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांच्या टक्केवारीवर अवलंबून असते, तिथे तर ही टक्केवारी राखण्यासाठी कमकुवत वाटणाऱ्या विद्यार्थिनींना अंतिम परीक्षेपर्यंत पोहोचूच न देण्याचा मोह महाविद्यालयांना होतो. आकडा त्यामुळे सुंदर दिसतो. ज्यांना अडवले त्यांचे काय झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. विद्यार्थिनीही मग हजारो प्रश्नांचे संच विकत घेतात आणि दिवसाला किती सोडवले यावर स्वतःची लायकी मोजतात. प्रश्न सोडवणे वाईट नाही. उत्तर चुकल्यावर ‘बरोबर पर्याय कोणता’ एवढे पाहून पुढे जाणे मात्र निरुपयोगी आहे. मी चुकीचा पर्याय कोणत्या खुणेमुळे निवडला आणि कोणती खूण वाचूनही माझ्या ध्यानात आली नाही, हे शोधण्यात खरा अभ्यास आहे, आणि तो एकटीने करणे अवघड असते. तिथे शिक्षिका हवी असते.

पदवी आणि परवाना यांच्यामधला रिकामा काळ ही आणखी एक दुर्लक्षित बाब आहे. निकाल, गुणपत्रिका, प्रमाणपत्रे, पडताळणी आणि अर्ज यांत जितके महिने जातात, तितके महिने विद्यार्थिनी वॉर्डापासून दूर असते. हाताची सवय त्याने मोडतेच, शिवाय रुग्णाला नुसते पाहून काहीतरी बिघडते आहे हे ओळखणारी जी नजर शेवटच्या वर्षी कुठे तयार होऊ लागलेली असते, ती सर्वांत आधी जाते. कागदपत्रांची तयारी शेवटचे सत्र सुरू असतानाच करून देणे महाविद्यालयांना सहज शक्य आहे. यात शैक्षणिक असे काहीच नाही, केवळ कार्यालयीन तत्परता लागते.

या सूचनांवर शिक्षकांचा एक रास्त आक्षेप मी ऐकला आहे. प्रत्यक्ष रुग्णांवर विद्यार्थिनींना निर्णय घेऊ देणे धोक्याचे आहे, रुग्णालये त्याला परवानगी देत नाहीत आणि एका शिक्षिकेमागे विद्यार्थिनी इतक्या असतात की प्रत्येकीच्या मागे उभे राहणे अशक्य असते. हे खरे आहे. परंतु निर्णयाचा सराव नेहमी खऱ्या रुग्णावरच व्हावा लागतो असे नाही. अमेरिकेच्या राज्य नर्सिंग मंडळांच्या राष्ट्रीय परिषदेने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका मोठ्या अभ्यासात क्लिनिकल तासांपैकी निम्म्यापर्यंत तास नीट आखलेल्या सिम्युलेशनने, म्हणजे बनावट रुग्णप्रसंगांवरील सरावाने, भरून काढले, तरी विद्यार्थिनींच्या ज्ञानात, वॉर्डातल्या क्षमतेत आणि परवाना परीक्षेच्या निकालात लक्षणीय फरक पडला नाही, असे आढळले होते. यासाठी बोलणारे-श्वास घेणारे महागडे पुतळेच हवेत, असाही समज नको. चार खाटा, चार केस पेपर, रुग्ण झालेल्या चार वर्गमैत्रिणी, बाहेरच्या खोलीत डॉक्टर म्हणून फोन उचलणारी एक शिक्षिका आणि नंतर ‘तू आधी तिकडे का गेलीस?’ हा प्रश्न न रागावता विचारण्याची तयारी, एवढ्यावर पुष्कळ काही शिकवता येते. न रागावता हा भाग मी मुद्दाम लिहिला आहे.

आणि शेवटचे काही आठवडे तरी प्रत्येक विद्यार्थिनीला एकाच अनुभवी नर्सच्या सोबत, तिच्याच पाळ्यांमध्ये, रात्रपाळीसह काम करू द्यावे. सुरुवातीला दोन रुग्ण, मग तीन, मग चार; औषध देण्यापूर्वी आणि फोन करण्यापूर्वी विद्यार्थिनीने आपला निर्णय आधी सांगायचा, सोबतच्या नर्सने तो मान्य करायचा किंवा सुधारायचा, आणि सही त्या नर्सचीच राहायची. यात रुग्णाची सुरक्षितता कमी होत नाही. मात्र त्या सोबतच्या नर्सचे रुग्ण त्या काळात कमी करावे लागतात आणि तिच्या या कामाची नोंद तिच्या सेवेत व्हावी लागते. शिकवणे हे जादा ओझे म्हणून गळ्यात मारले, तर ती तरी जीव ओतून का शिकवेल?

परवाना मिळाल्यानंतरच्या वर्षाविषयीही लिहायला हवे, कारण महाविद्यालयाने सर्व काही केले तरी तिथली जबाबदारी रुग्णालयाची आहे. नर्सिंगच्या अभ्यासक पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्ये नर्सच्या घडणीचे जे पाच टप्पे मांडले, त्यांत नुकतीच उत्तीर्ण झालेली नर्स दुसऱ्या टप्प्यावर असते आणि सक्षम म्हणावे अशा तिसऱ्या टप्प्यावर यायला तिला एकाच प्रकारच्या विभागात साधारण दोन ते तीन वर्षे काम करावे लागते. याच क्षेत्रातल्या संशोधक मार्लीन क्रेमर यांनी तर १९७४ सालीच दाखवून दिले होते, की शाळेत शिकवलेले नर्सिंग आणि वॉर्डात चालणारे नर्सिंग यांतली तफावत पाहून नव्या नर्सेसना बसणारा धक्का त्यांना हा पेशाच सोडायला लावू शकतो. या गोष्टी नव्या नाहीत. तरीही पहिल्या महिन्यातच नव्या नर्सला रात्रपाळीत एकटी ठेवणे, हे मनुष्यबळ कमी असलेल्या रुग्णालयांत सर्रास घडते. संशोधक लिंडा एकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील १६८ रुग्णालयांच्या पाहणीवरून २००२ साली असे दाखवले, की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या बाबतीत प्रत्येक नर्समागे एक रुग्ण वाढला, की तीस दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली आढळते. तो अभ्यास केवळ नवख्या नर्सेसचा नव्हता. ज्या नर्सला कोणाला आधी पाहायचे हे ठरवण्याचा अजून सराव नाही, तिच्या हाती तेवढेच रुग्ण दिले तर काय होईल, याचा विचार रुग्णालयाच्या व्यवस्थापनाने करायचा आहे.

आम्हा नव्यांना वॉर्डात सतत ऐकू येणारे वाक्य म्हणजे ‘नीट लिही, नाहीतर लायसन्स जाईल.’ नोंद नीट हवी हे शंभर टक्के मान्य आहे. पण परवाना हा जाण्याच्या भीतीनेच ओळखला गेला, तर नर्स रुग्णाकडे कमी आणि फाइलकडे अधिक पाहू लागते, आणि चूक घडलीच तर ती सांगण्याऐवजी लपवण्याकडे तिचा कल होतो. चूक ताबडतोब सांगणाऱ्या नर्सला पहिल्या वर्षात कशी वागणूक मिळते, यावर ती पुढची तीस वर्षे चुका सांगणार की नाही हे बहुतांशी ठरते.

आपल्या वृत्तपत्राकडे माझी एक विनंती आहे. यापुढे नर्सिंग महाविद्यालयांच्या निकालांच्या किंवा प्रवेशांच्या बातम्या देताना टक्केवारीच्या शेजारी आणखी तीन माहित्या मिळवून छापाव्यात : शेवटच्या सत्रात विद्यार्थिनींना देखरेखीखाली एकाहून अधिक रुग्णांची जबाबदारी दिली गेली का, प्रवेश घेतलेल्यांपैकी किती जणी अंतिम परीक्षेपर्यंत पोहोचल्या, आणि ज्या रुग्णालयांनी त्यांना नोकरी दिली, तिथे एकटीने पाळी सांभाळण्यापूर्वी त्यांना अनुभवी नर्ससोबत किती काळ काम करता आले. ही माहिती महाविद्यालयांकडे आणि रुग्णालयांकडे असते किंवा असायला हवी. नर्सिंगला मुलीला किंवा मुलाला पाठवायचे की नाही आणि कुठे पाठवायचे, हे ठरवणाऱ्या पालकांना तिचा उपयोग होईल, आणि प्रश्न जाहीरपणे विचारला जातो आहे हे कळल्यावर काही महाविद्यालये तरी पुढच्या वर्षाचे वेळापत्रक नव्याने मांडतील, अशी मला आशा आहे.

आपली नम्र,
नर्सिंगच्या अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी